रुपया, सोनं आणि आमचे काका

डिसेंबर २०२५ मधली गोष्ट. वीकेंडला गावी गेलो होतो. गाव म्हणजे औंध. पुण्यातलं नव्हे हो, यमाईचं, सातारा जिल्ह्यातलं! चहा हातात येतो न येतो तोच काकांनी सुरुवात केली, "काय रं, डॉलर नव्वदीच्या पार गेला म्हनं. सत्तेचाळीस साली एका रुपयाला एक डॉलर हुता की!"

आधी ते सत्तेचाळीसचं. ती निव्वळ फॉरवर्डमधली थाप आहे. तेव्हा रुपया पौंडाला बांधलेला होता आणि त्या हिशोबाने डॉलर साधारण ३.३० रुपयांना पडायचा. १९४९ मध्ये पौंडाबरोबर रुपयाही उतरला, दर ४.७६ झाला. हा आकडा सरकारने जवळजवळ १७ वर्षं धरून ठेवला. मधल्या काळात महागाई वाढली, दोन युद्धं झाली, दुष्काळ पडला. शेवटी ६ जून १९६६ ला एका फटक्यात ७.५०!

१९९१ मध्ये तर डॉलरची तिजोरीच रिकामी व्हायला आली. जुलैत दोन टप्प्यांत रुपया उतरवला, शिवाय साधारण ४७ टन सोनं गहाण ठेवून बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडून डॉलर उचलले. आमच्या खटाव, खानापूर, आटपाडीकडची पोरं गलाईच्या धंद्यात देशभर पसरलेली. सोनं गहाण पडणं म्हणजे काय, हे इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

तर माझं मत असं, की रिझर्व्ह बँकेने ठराविक आकडा राखायचा हट्ट धरू नये. आपल्याकडे महागाई ५ टक्के आणि अमेरिकेत २ टक्के असेल, तर रुपया वर्षाला थोडाफार घसरणारच. त्यात तेल आणि सोनं आपण बाहेरून आणणार. बँकेकडचे डॉलर म्हणजे शेततळं. पावसाने ओढ दिली तर पीक वाचवता येतं, पण पावसाची जागा तळं घेऊ शकत नाही. २०१३ मध्ये रुपया ६८ च्या पलीकडे गेला तेव्हा अनिवासी भारतीयांच्या ठेवींतून डॉलर आणले, वेळ निभावली. पण खरं दुखणं होतं १० टक्क्यांच्या आसपासची महागाई. ४ टक्क्यांचं लक्ष्य २०१६ मध्ये कायद्याच्या चौकटीत आलं, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

आता एक कबुली. रुपया पडला की माझ्या कंपनीला त्याच डॉलरचे जास्त रुपये मिळतात. काकांचं पोटॅश मात्र परदेशातून येतं. त्यामुळे "पडू दे की थोडा" असं म्हणणं मला सोपं जातं. आणि म्हणूनच महागाई आवरायचा आग्रह माझ्यासारख्यांनीच जास्त धरायला हवा, कारण घसरणीचं बिल आपल्या नावावर येत नाही.

काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "समदं खरं. पन पोटॅशच्या पोत्याचं पैसं तू देनार का?"

त्या खेपेला दिले. असो.