टोळ्या निघण्याआधी

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा बीड जिल्ह्यातल्या तलवाड्याच्या आसपासच्या वस्त्यांवर ऊसतोड टोळ्यांची बांधाबांध सुरू असेल. मुकादमाने उचल कधीच दिली आहे. कोणत्या कारखान्यावर किती कोयते जायचे, तेही ठरले आहे. पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारखान्यांना आमच्या वस्तीवस्तीशी जोडणारे हे जाळे वर्षानुवर्षे चुकत नाही. त्यातून गावात पैसा येतो, निरोप येतो, गाडी येते आणि माणसे निघून जातात. मग त्याच वाटेने ज्ञान आणि यंत्र का येत नाही?

गावातच काम उभे करता येते, हे इतरांनी दाखवले आहे. जपानच्या ओइता प्रांतातल्या ओयामा या डोंगराळ खेड्याने 1961 मध्ये भाताचा हट्ट सोडून उमे (जपानी प्लम) आणि चेस्टनटची झाडे लावली. गव्हर्नर मोरिहिको हिरामात्सु यांनी 1979 मध्ये ‘एक गाव, एक उत्पादन’ ही चळवळ प्रांतभर नेली, ती अशाच गावांच्या बळावर. 2001 मध्ये थायलंडनेही ती उचलली.

आपल्याकडे बालाघाटाचे सीताफळ आहे. 2016 मध्ये बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळाले, पण मानांकनाने फळ टिकत नाही. पिकले की दोन-तीन दिवसांत ते बसते. गर तापवला तर कडवट होतो, उघडा ठेवला तर काळवंडतो. म्हणून काढल्याबरोबर गोठवावा लागतो. गर काढण्याचे यंत्र आणि उणे अठरा अंशांची खोली एकट्या कोरडवाहू शेतकऱ्याला कशी झेपणार?

वाळूज औद्योगिक वसाहतीतल्या लहान कारखानदारांपुढे असाच पेच होता. महागडी चाचणी यंत्रे एकेकट्याला परवडेनात, तेव्हा मराठवाडा ऑटो क्लस्टरमध्ये ती सामाईक झाली. एरवी एकमेकांचे गिऱ्हाईक ओढणाऱ्यांना तिथे एकच यंत्र वापरता येते. हे शहाणपण आम्हाला अनुदानाच्या कोणत्याही घोषणेपेक्षा मोलाचे वाटते.

असे एक सामाईक केंद्र बीड जिल्ह्यातही उभे राहावे. शेतकऱ्यांना स्वतःची उत्पादक कंपनी काढण्याची वाट कायद्याने केव्हाच मोकळी केली आहे. सीताफळाचा हंगाम थोडक्या महिन्यांचा, त्यामुळे पुढे मोसंबी, चिंच यांनाही तिथे जागा द्यावी लागेल. मात्र सीताफळ आणि टोळ्यांची निघण्याची वेळ एकच आहे. गर काढण्याचा रोज गावाजवळ मिळाला, तर काही बाया तरी लेकरांची शाळा सोडवून फडावर जाणार नाहीत. जागा, भांडवल, शीतगृहाची माहिती किंवा हिशेब लिहिण्याची हातोटी ज्यांच्यापाशी असेल, त्यांनी भाऊबीजेनंतर आमच्याशी बोलावे.