वृद्धाश्रमाची पारख रात्रपाळीवरून करा



वृद्धाश्रमाचा विषय आपल्या बैठकांत निघाला की दोनच सूर ऐकू येतात. एक, ‘‘काय ही आजकालची पोरं!’’ आणि दुसरा, ‘‘ती संस्था फार पुण्याचं काम करते हो!’’ पहिल्यात मुलांना दोष देऊन मोकळे होता येते, दुसऱ्यात संस्थेला नमस्कार करून. वृद्धाश्रम हे कामाचे ठिकाण आहे, ही गोष्ट मात्र कोणी काढत नाही. तेथे पाळ्या आहेत, मस्टर आहे, वरिष्ठ आहेत, हुकूम आहेत आणि पगारही आहे. जेथे हे सारे आहे तेथे युनियनवाल्याने नुसते हात जोडून भागत नाही.

हा प्रश्न आपल्याला परका नाही. आपली नोकरी बदलीची. मराठी कामगार भुसावळला लागतो आणि इटारसी, झाशी, खरगपूर, हुबळी, सिकंदराबाद असा फिरत निवृत्त होतो. निवृत्तीबरोबर क्वार्टर सुटते. गावाकडचे घर भावकीत गेलेले, मुलगा दुसऱ्या राज्यात किंवा परदेशात. नवरा-बायकोपैकी एक गेले की मागे राहिलेल्याने कोठे जायचे? २०११ च्या जनगणनेत देशातील साठ वर्षांवरील माणसे सुमारे १० कोटी ४० लाख होती. जुनी पेन्शन असलेल्याच्या हाती निदान दरमहा रक्कम येते. १ जानेवारी २००४ नंतर नोकरीला लागलेल्यांचे भवितव्य बाजाराला बांधले गेले, त्यांना १ एप्रिल २०२५ पासून एकीकृत पेन्शन योजनेचा पर्याय मिळाला. ग्रामीण डाकसेवक तर ६५ व्या वर्षी केंद्रीय कर्मचाऱ्याच्या पेन्शनशिवायच घरी जातो. म्हणजे आज ना उद्या, ट्रस्टने चालवलेल्या वृद्धाश्रमाच्या दारात आपल्यापैकीच कोणीतरी उभे राहणार आहे.

नफा न घेता चालणाऱ्या या संस्था आपल्या देशात नव्या नाहीत. पुण्यात डेव्हिड ससून यांच्या देणगीतून निराधारांसाठी उभे राहिलेले घर, आजचे ‘निवारा’, १८६० च्या दशकातले आहे. ‘लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर’ या फ्रान्समधील भगिनींनी १८८२ मध्ये कोलकात्यात वृद्धांसाठी घर उघडले. १९९२ पासून केंद्र सरकार स्वयंसेवी संस्थांना वृद्धाश्रमासाठी अनुदान देत आले. महाराष्ट्रात १९९५ मध्ये मातोश्री वृद्धाश्रमांची योजना आली. या संस्था चालवणाऱ्यांत प्रामाणिक माणसे पुष्कळ आहेत, हे आम्ही आधीच सांगून ठेवतो. आमचा मुद्दा त्यांच्या हेतूचा नाही, कारभाराचा आहे.

तो मुद्दा सोप्या हिशेबाने समजून घेऊ. समजा, एका आश्रमात चाळीस जण राहतात आणि त्यांतले दहा जण अंथरुणाला खिळलेले आहेत. अशा माणसाला साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर पाठीला आणि कमरेला जखमा होतात. कूस बदलणे, ओले झाले असेल तर पुसणे, चादर बदलणे, घोटभर पाणी पाजणे यांना दहा मिनिटे धरली तर दहा जणांची शंभर मिनिटे झाली. उरली वीस. त्या वीस मिनिटांत बाकीच्या तीस जणांपैकी कोणाला संडासला न्यायचे, कोणाला दम लागला तर बसते करायचे, कोणी भ्रमात दरवाज्याकडे निघाले तर परत आणायचे. रात्री आठ ते सकाळी आठ या पाळीवर एकच बाई असेल तर यातले काय होईल आणि काय राहील? शिवाय अंगाने जड माणसाची कूस एकटीने बदलायची म्हणजे तिच्या पाठीचे मणके गेलेच. सकाळी देणगीदार येतात तेव्हा फरशी चकाचक असते. पहाटे तीन वाजता काय होते ते त्यांना दिसत नाही.

वरून असे सांगतात की, ‘‘रात्री म्हातारी माणसे झोपलेली असतात, बाईला काम काय?’’ आमच्या रेल्वेतील गेटमन बंधूंना हे वाक्य ओळखीचे वाटेल. गाड्या कमी, मध्ये विसावा मिळतो, म्हणून त्यांना ई. आय. रोस्टरवर टाकून बारा तास बसवण्याचा युक्तिवाद हाच आहे. डोळा लागू न देता जागे राहणे हेही कामच आहे, हे प्रशासनाला पटवता पटवता आपल्या दोन पिढ्या गेल्या. १९४६ मध्ये टपाल-तार कामगारांच्या तंट्यात आणि नंतर रेल्वे कामगारांच्या कामाच्या तासांच्या तंट्यात लवाद म्हणून न्यायमूर्ती राजाध्यक्ष नेमले गेले. त्यांचा रेल्वेचा निवाडा १९४७ चा. कामाचा ताण पाहून तास आणि विश्रांती ठरवायची हे त्यातून रुजले. पुढे १९६९ च्या मियाभॉय न्यायाधिकरणापर्यंत ती लढाई चालू राहिली. थकलेल्या कामगाराच्या हाती प्रवाशाचा जीव सुरक्षित नाही, हे तत्त्व आपण मान्य करून घेतले. मग थकलेल्या आयाच्या हाती आपल्या वडिलांचा जीव सुरक्षित कसा?

आणखी एक चलाखी आहे. आश्रमात या कामगारांना नावाने हाक नसते. बायकांना ‘मावशी’ म्हणायचे आणि पुरुषांना ‘मामा’. ऐकायला गोड आहे. आजी-आजोबांनी प्रेमाने म्हटले तर आमची काही तक्रार नाही. पण व्यवस्थापनाच्या तोंडी तोच शब्द आला की त्याचा अर्थ बदलतो. मावशीने घरच्या माणसासाठी जादा थांबण्याचे पैसे कसे मागायचे? साप्ताहिक सुट्टीचा विषय कसा काढायचा? नात्याचे नाव देऊन हक्काचे नाव पुसले जाते. आणि ही मावशी ब्युरोमार्फत आलेली असेल तर तिच्या पगारातला वाटा आधी ब्युरोचा. काढून टाकायची वेळ आली की नाते तिथेच संपते.

आम्हाला सांगितले जाईल की सेवेच्या क्षेत्रात पगाराची भाषा शोभत नाही, तेथे त्याग हवा. त्यागाचा आम्ही आदर करतो. १९०५ मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला तेव्हा सभासदांनी तुटपुंज्या मानधनावर आयुष्य वाहिले. त्याच समाजातले ना. म. जोशी. त्यांनी १९११ मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढून कामगारवस्तीत समाजसेवा केली. पण ते समाजसेवेवर थांबले नाहीत. १९२० मध्ये आयटकच्या स्थापनेत ते होते आणि १९२६ मध्ये त्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची युनियन बांधली. मदत आणि हक्क यांतला फरक त्यांना कळला होता. स्वतः केलेला त्याग शोभून दिसतो, दुसऱ्याकडून जबरीने करून घेतलेल्या त्यागाला पिळवणूक म्हणतात. विश्वस्तांनी स्वतः एक पैसा घेऊ नये, आम्ही त्यांना वंदन करू. परंतु तीन पोरांची आई असलेल्या आयाने किमान वेतनाखाली राबावे, हा त्यांचा त्याग नव्हे, तिचा आहे, आणि तो तिला कोणी विचारलेला नाही.

कायद्याची स्थिती काय आहे, तेही पाहावे. १९७८ मध्ये बंगलोर वॉटर सप्लाय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठापुढे ‘उद्योग’ कशाला म्हणायचे हा प्रश्न होता. नफा नाही म्हणून संस्था ‘उद्योग’ या व्याख्येतून सुटत नाही, असा निकाल बहुमताने लागला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी लिहिलेल्या या निकालाने, जेथे माणसे स्वखुशीने फुकट किंवा नाममात्र मानधनावर सेवा करतात अशा छोट्या संस्था बाजूला ठेवल्या. आम्ही वर केलेला फरक नेमका हाच आहे. १९८२ मध्ये संसदेने धर्मादाय संस्थांना वगळणारी दुरुस्ती केली, पण ती कधी लागू झाली नाही. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता अमलात आली आहे आणि तिने ‘उद्योग’ या शब्दातून धर्मादाय, सामाजिक व परोपकारी कार्य करणाऱ्या संघटनांच्या संस्थाच वगळल्या आहेत. म्हणजे १९७८ मध्ये उघडलेले दार पुन्हा लोटले गेले. भविष्यनिर्वाह निधीला वीस माणसांची अट असल्याने लहान आश्रम त्यातूनही निसटतात. आज दुसऱ्याच्या म्हातारपणाला सांभाळणारी ही बाई साठीला पोहोचेल तेव्हा तिच्या गाठीला काय असेल? ना पेन्शन, ना ग्रॅच्युइटी.

आश्रमात राहणाऱ्यांच्या बाजूनेही कायदा तोकडाच आहे. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा सांगतो की प्रत्येक जिल्ह्यात निदान १५० निराधार वृद्धांची सोय असलेला एक वृद्धाश्रम राज्य सरकार काढू ‘शकेल’. ‘काढील’ असे म्हटलेले नाही, आणि या एका शब्दावर सरकारे निवांत झोपली आहेत. आश्रमांची नोंदणी व्हावी, किमान दर्जा ठरावा यासाठी डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत विधेयक आले. ते मंजूर न होताच २०२४ मध्ये सतरावी लोकसभा संपली आणि विधेयकही गेले.

कारभाऱ्यांची अडचण आम्ही नाकारत नाही. अनुदान उशिरा येते, हे खरे. देणगीदार खोली बांधून देतो, पंखा देतो, वाढदिवसाला एक दिवसाचे जेवण देतो आणि त्यावर नाव घालून घेतो. ‘रात्रपाळीच्या दुसऱ्या आयाचा वर्षाचा पगार अमक्यांकडून’ असा फलक आम्ही कोठेही पाहिलेला नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, असे विश्वस्त म्हणतात. आमचे त्यांना उत्तर असे की आडात काय आहे ते आधी सर्वांना दाखवा. नवी इमारत आधी की दुसरी आया आधी, हे ठरवण्यातच नेतृत्व दिसते. चांगला अधीक्षक तोच, जो महिन्यातून दोन-चार वेळा रात्री स्वतः फेरी मारतो, त्याच वृद्धाकडे शक्यतो तीच माणसे नेमतो, दोन पाळ्यांत तोंडी नव्हे तर लेखी चार्ज देण्या-घेण्याची पद्धत पाडतो, आणि कामगाराने चूक दाखवली तर तिला घरी न पाठवता चूक दुरुस्त करतो. जेथे कामगार दर सहा महिन्यांनी सोडून जातात तेथे म्हाताऱ्या माणसाला रोज नव्या हाताने आंघोळ घातली जाते. ती लाज, ती भीती कोणत्या अहवालात लिहिलेली असते?

आपले पोस्टमन बंधू यात साक्षीदार आहेत. नोव्हेंबर महिन्यात हयातीचा डिजिटल दाखला घ्यायला ते घरोघर जातात, तसे आश्रमांतही जातात. यंत्र एवढेच नोंदते की पेन्शनर जिवंत आहे. तो कसा जगतो आहे, हे नोंदवायला त्या यंत्रात जागा नाही. ती जागा संघटनेने निर्माण केली पाहिजे.

म्हणून आमच्या सूचना स्पष्ट आहेत. एक : धर्मादाय संस्थांना ‘उद्योगा’तून वगळणारे कलम रद्द करावे, ही मागणी फेडरेशनच्या मागणीपत्रात यावी. दोन : सरकारी अनुदान घेणाऱ्या प्रत्येक आश्रमात किमान वेतन, आठ तासांची पाळी, साप्ताहिक सुट्टी आणि रात्री निदान दोन माणसे ही अनुदानाची अट असावी, आणि त्यासाठी लागणारा पैसा अनुदानात धरावा. तीन : कार्यकारी समितीवर राहणाऱ्यांचा एक आणि कर्मचाऱ्यांचा एक प्रतिनिधी निवडून जावा. चार : २००७ च्या कायद्यातील ‘शकेल’ हा शब्द काढून सरकारवर बंधन घालावे आणि आश्रमांची नोंदणी सक्तीची करावी. पाच : आपल्या प्रत्येक शाखेने आपल्या गावातील एका आश्रमाशी संबंध जोडावा. वर्धापनदिनी फळे जरूर वाटावीत, पण त्याबरोबर पगारपत्रक आणि ड्युटीचा तक्ताही पाहायला मागावा. तेथील कामगारांना बसवून बोलते करावे, त्यांची संघटना बांधायला हात द्यावा.

आठव्या वेतन आयोगापुढे आपले निवेदन जोरात मांडायचे आहेच. परंतु पेन्शन वाढली आणि ती घेऊन जायचे त्या आश्रमात काळजी घेणारा हात उपाशी व थकलेला असला, तर वाढलेल्या पेन्शनने काय विकत घेणार? आजोबांची कूस वेळेवर बदलली जावी असे वाटत असेल, तर ती बदलणाऱ्या बाईच्या हक्कासाठी आपल्याला उभे राहावे लागेल. पुढच्या शाखा सभेत हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्या आणि ठराव करून फेडरेशनकडे पाठवा.

कामगार एकजुटीचा विजय असो!