आधी ब्रेक, मग रंग

मुरगूड परिसरात जुनी पिकअप घेणाऱ्यांपैकी किती जणांचा पहिला खर्च रंगावर होतो, ते पाहा. काचेवर देवाचे नाव, नवी ताडपत्री, गाणी लावायची सोय. ब्रेक मात्र दोन-तीनदा पाय मारल्याशिवाय लागत नाही!

शेतकरी बंधूंनो, जुनी गाडी घेणे हा काही गुन्हा नव्हे. नवीचा हप्ता सगळ्यांना कुठला झेपणार? पण पैसा आपल्याकडे येतो तसाच गाडीवर घालावा. दूधबिल दहा दिवसांनी येते, त्यातून किरकोळ कामे. ऊसबिलाची मोठी रक्कम मोठ्या कामाला.

पहिला मान ब्रेक, स्टेअरिंग आणि टायरला. ब्रेकचे तेल हवेतला ओलावा धरते, ते बदलाच. लायनर एकाच चाकाचे घालू नका. गाडी एका अंगाला ओढते. मग चासी. रासायनिक खत वाहिलेल्या गाडीला गंज लवकर धरतो, तेव्हा खाली वाकून हातोडीने ठोकून बघा. इंजिन त्यानंतर. काळा धूर दिसला म्हणून लगेच इंजिन खोलायचे नसते, आधी एअर फिल्टर आणि नोझल तपासा. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथवर पुष्कळ कामे होतात.

मालवाहू गाडीला 8 वर्षांनंतर दरवर्षी पासिंग लागते, आणि 15 वर्षांवरच्या गाड्यांची फी 1 एप्रिल 2022 पासून बरीच वाढली आहे. तो खर्च आधी बाजूला काढा. आणि सगळी गाडी एकदम खोलू नका. पैसे संपले की ती सुगीत दारात पडून राहते आणि भाडं दुसऱ्याच्या गाडीला द्यावं लागतं.