पदवी घरपोच, पण पासवर्ड कुणाकडे?

भिवंडी, मालेगाव, मुंब्रा. अशा वस्त्यांमध्ये बारावीनंतर मुलीचे पुढचे शिक्षण म्हणजे अनेकदा मुक्त विद्यापीठच. कॉलेज लांब, रोजचे भाडे परवडत नाही, घरात लग्नाची बोलणी सुरू. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने 1989 पासून ‘ज्ञानगंगा घरोघरी’ नेली. हैदराबादच्या मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठाने 1998 मध्ये उर्दूतून दूरशिक्षण सुरू केले. आपल्या समाजाला या संस्थांचा मोठा आधार झाला, हे आधी मान्य करू या.

पण आता दरवाजाच बदलला आहे. यूजीसीने 2024 पासून दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या प्रवेशासाठी डीईबी आयडी सक्तीचा केला. त्याआधी एबीसी आयडी हवा, तो काढायला डिजिलॉकर, आणि डिजिलॉकरला आधारशी जोडलेला मोबाइल. आधारला नंबर कुणाचा? अब्बांचा नाहीतर भाईजानचा. ओटीपी त्यांच्या फोनवर येतो आणि ते कामावर असतात! मग सायबर कॅफे. तिथला मुलगाच ईमेल उघडतो, पासवर्ड त्याच्या वहीत राहतो. पुढची तीन वर्षे परीक्षेच्या सूचना, असाइनमेंटच्या तारखा त्याच ईमेलवर. शिकणार ही, चाव्या दुसऱ्याच्या खिशात.

नियम वाईट नाही, बोगस प्रवेशांना त्याने आळा बसेल. प्रश्न तयारीचा आहे.

“आमची पोरं दिवसभर मोबाइलवरच असतात, त्यांना काय शिकवायचं?” हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकले आहे. रील्स बघणे वेगळे. अभ्यास केंद्राला नीट विषय लिहून, पीडीएफ जोडून मेल पाठवणे वेगळे. आणि सर्वांत अवघड म्हणजे माहिती पारखणे. ‘एका वर्षात पदवी, परीक्षा नाही’ असा मेसेज व्हॉट्सॲपवर येतो आणि घरचे पैसे भरून मोकळे होतात. मान्यताप्राप्त संस्था आणि अभ्यासक्रमांची यादी यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या वेबसाइटवर कुणालाही पाहता येते. बोगस विद्यापीठांची यादीही यूजीसी जाहीर करते. इंजिनीअरिंग, कायद्याची पदवी दूरस्थ पद्धतीने घेता येत नाही. प्रवेशाआधी हे किती घरांत तपासले जाते?

विद्यापीठे यावर एखादा उद्बोधन व्हिडिओ टाकतात. पण तो शोधून उघडायला जे यावे लागते, तेच तर त्यात शिकवलेले असते! 1969 मध्ये स्थापन झालेल्या ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीने डिजिटल आणि माहिती साक्षरतेची चौकट आखून ही कौशल्ये विषयांच्या अभ्यासातच गुंफली. आपल्याकडेही हे जमण्यासारखे आहे. इतिहासाच्या विद्यार्थिनीला एका घटनेवर इंटरनेटवरून दोन संदर्भ शोधायला सांगा. कोणता विश्वासार्ह आणि का, हे तिने लिहून ते मेलने पाठवावे, त्याला गुण द्यावेत. गुण मिळत नाहीत ते कुणी शिकत नाही, हे आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे.

मोहल्ल्यातही काम आहे. वाचनालयात किंवा मदरशाच्या कॉम्प्युटर रूममध्ये प्रवेशाच्या दिवसांत दोन रविवार पुरतात. मुलीचा स्वतःचा नंबर आधार केंद्रात जाऊन जोडून घ्यावा. अर्ज कॅफेत भरला तरी हरकत नाही, मात्र ईमेल तिने उघडावा, पासवर्ड तिनेच टाइप करावा. भाईजानने शेजारी बसून जरूर सांगावे. माऊस तेवढा तिच्याच हातात राहू द्यावा.