आधी एकावर, मग सर्वांवर

पूर्वी प्रश्नपत्रिकेच्या स्टेन्सिलवर एक आकडा चुकला, की सायक्लोस्टाईल यंत्रातून साऱ्या वर्गाला तोच चुकीचा आकडा मिळे. सेटिंग्जचे फोल्डर एका आज्ञेत दूरच्या शेकडो सर्व्हरांवर उतरवणारी अ‍ॅन्सिबलसारखी साधने तेच करतात, फक्त क्षणार्धात. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकची सदोष फाईल जगभर गेली (साधन वेगळे, रीत तीच). सुमारे ८५ लाख संगणक कोलमडले आणि चांगी विमानतळावर काही विमान कंपन्यांना प्रवाशांची नोंद हाताने करावी लागली. लगेच ३० जुलैला मोबाईल गार्डियनच्या सेटिंग्जमध्ये कुणाची तरी चूक झाली, आणि आपल्या काही शाळांतील मुलांचे आयपॅड इंटरनेटला जोडले जाईनात. ते अ‍ॅप ऑगस्टमधील सायबरहल्ल्यानंतर काढण्यात आले, ती गोष्ट निराळी.

यंत्राला दोष कशाला? काहीही न बदलता काय बदलेल ते दाखवणारी 'चेक'ची सोय अ‍ॅन्सिबलमध्ये आहे. थोड्याथोड्या सर्व्हरांवर काम करण्याचीही आहे. घाईत ती वापरायची राहते. शिक्षण मंत्रालयाने पुरवठादारांच्या करारातच अट घालावी: नवी सेटिंग्ज प्रथम एकाच शाळेत, तीही शाळा सुटल्यावर, जुन्या फोल्डरची प्रत हाताशी ठेवूनच.