शेतात मरत नाही ती हरळी मैदानात का मरते?

मृग आठ-दहा दिवसांवर आलाय, म्हणून आजच लिहितोय. जुलैत लिहून उपयोग नाही.

आमच्या भागातल्या सार्वजनिक बागेतलं लॉन माझ्या डोळ्यांदेखत तिसऱ्यांदा गेलं. बागेचं नाव लिहीत नाही, कारण प्रश्न एका बागेचा नाही. मार्चमध्ये जुनं गवत खरवडलं, कार्पेट लॉनचे तुकडे अंथरले, फीत कापली, फोटो आले. बातमी मीच दिली होती, कबूल. मे संपायच्या आत मधोमध टक्कल आणि कडेला खड्डे. परवा माझ्या धाकट्या मुलीचा पाय त्यातल्याच एका खड्ड्यात मुरगळला.

गंमत बघा. आपल्या जिल्ह्यातला शेतकरी हरळीला शिव्या घालतो. नांगरा, वेचा, जाळा. एक कांडी राहिली तरी परत फुटते. गणपतीला वाहतो ती दूर्वा म्हणजे हीच. जगभरातल्या खेळाच्या मैदानांवर बर्म्युडा ग्रास म्हणून मिरवते तीही हीच. मग शेतात मारून मरत नाही ते गवत बागेत लाखो रुपये घालून का जगत नाही?

बागेतल्या माळीमामांना विचारलं. म्हणाले, "सर, पाणी वरनंच मारूलालेत. खाली दगड झालाय, आत कुठं जातंय?" मी खिशातला स्क्रूड्रायव्हर जमिनीत खुपसून बघितला. दोन बोटंसुद्धा आत गेला नाही. रोज पाच मिनिटं पाइप फिरवला की मुळं वरच राहतात आणि एप्रिलच्या उन्हात तीच आधी भाजतात. त्यात आपली काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. जमीन वर-खाली होणारच.

पण खरं दुखणं कॅलेंडरचं आहे. हरळी हे उष्ण हवेचं गवत. ऊब आणि ओल दोन्ही असली की ती पसरते. सोलापुरात हे दोन्ही फुकटात मिळतं ते जून ते सप्टेंबर. आपली बिलं मात्र मार्चएंडला निघतात. गवत पावसाळ्याचं आणि टेंडर उन्हाळ्याचं! दोघांची गाठ पडणार कशी?

उपाय महागडा नाही. पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाले की दातेरी काट्याने किंवा पहारीने चार-चार इंचांवर खोल भोकं पाडा. चाळलेली माती, वाळू आणि नीट कुजलेलं शेणखत पसरून खळगे भरा. एका वेळी अर्ध्या इंचापेक्षा जास्त थर नको, नाहीतर खालचं गवत गुदमरतं. खड्डा खोल असेल तर वरचं गवत मातीसकट उचला, खाली भर घाला, परत बसवा. टक्कल पडलंय तिथं चांगल्या भागातल्या गाठीच्या कांड्या लावा. गवत चालू लागलं की हजार चौरस फुटांना किलोभर युरिया महिन्यातून एकदा, आणि लगेच पाणी. कापताना उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त कापू नका. दीड-दोन महिने त्या भागात पाय नको. अर्धी बाग आधी, अर्धी नंतर.

आता पाण्याचं बोलू. एक एकर हिरवळीला आठवड्याला इंचभर पाणी म्हणजे साधारण एक लाख लिटर. दहा हजार लिटरचे दहा टँकर! उजनीहून शंभर किलोमीटरवरून पाणी आणून काही दिवसांआड नळ सोडणाऱ्या शहरात ते पिण्याच्या पाण्यातून द्यायचं? अजिबात नाही. २०१६ च्या दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने राज्याबाहेर न्यायला सांगितले होते, ते याच प्रश्नावरून. बागांना शुद्ध केलेलं सांडपाणी द्या. तेही नसेल तर उन्हाळ्यात गवत पिवळं पडू द्या. मूळ धरलेली हरळी पिवळी पडली म्हणजे मेली नाही, झोपली. पावसाने उठते. पिवळं दिसलं की खरवडून नवीन आणायची घाई कुणाच्या फायद्याची, ते ज्याने त्याने ओळखावं.

आणि सगळीकडे हिरवळीचा हट्टही नको. संक्रांतीला होम मैदानावर गड्डा भरणार, लाखो पाय पडणार. ते मैदान त्यासाठीच आहे. जानेवारीत गवताची वाढ मंद असते, तुडवलेलं लवकर भरत नाही. जिथं माणसं जमायची तिथं मुरमाची सपाट जमीन ठेवा. जिथं पोरं पडायची, म्हातारी माणसं बसायची, तिथं गवत राखा. आपणही तिथं मांडव ठोकायचे बंद करू.

माझं मागणं एवढंच. यंदा नवीन लॉनचं टेंडर नको. त्यातले थोडे पैसे वर्षभराच्या माळ्याच्या पगाराला ठेवा आणि दुरुस्ती जूनमध्ये करा. लॉन अंथरायला ठेकेदार पुरतो, राखायला माणूस लागतो.

तुमच्या भागातली बाग कशी आहे? एक स्क्रूड्रायव्हर घेऊन जा आणि किती आत जातो ते खाली लिहा. यादी करून मी नेऊन देतो. या वेळी फीत कापल्याची बातमी देणार नाही.