आडात आहे, मग पोहऱ्यात का नाही?

गेल्या उन्हाळ्यात भालकीला घरी गेलो, तेव्हा बाबांनी एक काम सांगितलं. बाबा आपल्या सीमाभागातल्या एका मराठी शाळेतून निवृत्त झालेले. माजी विद्यार्थ्यांचा मेळावा ठरला होता आणि जुन्या रजिस्टरांतली नावं संगणकावर हवी होती. कंपन्यांमध्ये वापरतात त्या शेअरपॉइंटवर मी एक यादी करून दिली. पुणे, हैदराबाद, बेंगळुरूत असलेली मंडळी रोज रात्री थोडी थोडी नावं भरू लागली.

मेळाव्याला आठ दिवस राहिले असताना बाबांचा फोन आला. "अरे, औरादची मुलं काढायला गेलो तर नुसती चूक दाखवतंय. गेलं का रे सगळं?"

काहीच गेलं नव्हतं. यादी ५,००० च्या पुढे गेली होती, इतकंच.

शेअरपॉइंटच्या एका यादीत ३ कोटी नोंदी राहू शकतात, पण एका मागणीसाठी त्यातल्या ५,००० च चाळता येतात. मागचा डेटाबेस काम करताना ओळींना तात्पुरतं कुलूप लावतो. कुलपं साधारण ५,००० च्या वर गेली की तो अख्ख्या तक्त्यालाच कुलूप लावू शकतो, आणि बाकीचे ताटकळतात. एकामुळे सगळे अडू नयेत म्हणून ही मर्यादा. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आपण म्हणतो. इथे आड तुडुंब भरलेला, पोहरा मात्र ठरलेल्या मापाचा!

यावर उपाय म्हणजे इंडेक्स, पुस्तकाच्या शेवटी असते तशी सूची. ती असली की सगळी पानं न उलटता नेमक्या पानावर जाता येतं. पण तालुक्याचा इंडेक्स करून भागलं नसतं. उद्या एकट्या भालकीचीच नावं ५,००० च्या वर गेली, की गाडी पुन्हा तिथेच अडली असती. म्हणून मी दाखल्याच्या वर्षाचा इंडेक्स केला. आधी वर्ष निवडायचं, मग तालुका. औरादची मुलं लगेच दिसू लागली.

चूक माझीच होती. "नावं किती मावतील?" एवढंच मी पाहिलं. शेवटी किती होतील आणि लोक ती कशी शोधतील, हे विचारलंच नाही. तुमच्या ऑफिसात असं काही उभारत असाल, तर हे दोन प्रश्न पहिल्याच दिवशी विचारा.

सगळं ऐकून बाबा हसले. "म्हणून तर आम्ही दर वर्षाचं रजिस्टर वेगळं ठेवायचो. सगळ्यांचं एकच केलं असतं, तर ते उचललं तरी असतं का?"